ताप नाही, झोप नाही

शेवटच्या थांब्यावर बस लावून ड्रायव्हरबाईनं हँडब्रेक ओढला आणि तिच्या लक्षात आलं, की पूल कधी ओलांडला ते आपल्याला आठवत नाही. इस्पितळाचा थांबा आठवत होता. तिथे काठी घेतलेले एक आजोबा चढले, ते आरशात दिसले होते. त्यानंतर एकदम हे शेवटचं वळण आणि पाण्याची टाकी. मधला पूल, पुलापलीकडची शाळा, शाळेसमोरचा सिग्नल, सगळं कुणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखं झालं होतं.

प्रवासी उतरून गेले. कुणी काही बोललं नाही. एक बाई तर उतरताना नेहमीसारखी हसलीसुद्धा. मागून कंडक्टर आला. निवृत्तीला टेकलेला, पोट सुटलेला हा माणूस. सगळा डेपो त्याला मामा म्हणायचा. तिनं त्याला विचारलं, शाळेपाशी आपण थांबलो होतो का. मामा म्हणाला, थांबलो की, पोरं उतरली ना तिथे. आणि सिग्नल? थांबली होतीस बहुतेक, असं म्हणून तो हसला, पण तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं.

तिनं त्याला खरं काय ते सांगितलं. मामानं दारातला दांडा धरला. मग म्हणाला, गाडीला ओरखडा नाही, माणसाला ओरखडा नाही, जे कुणाला कळलेलंच नाही ते कुणाला सांगायचं कशाला. तोंड धुऊन घे. परतीच्या फेरीत त्यानं तिकिटं पटापट उरकली आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिचा डोळा लागू नये म्हणून तो तोंडाला येईल ते बोलत होता. मेहुणीचं ऑपरेशन, शेजाऱ्याचा कुत्रा, स्वतःच्या लग्नात हरवलेली चप्पल. ती प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती आणि स्टिअरिंग इतकं आवळून धरत होती, की डेपोत उतरल्यावर तिची बोटं सरळ होईनात.

घरी भोंगा वाट पाहत होता. भोंगा म्हणजे तिची मुलगी. नुकतीच रांगायला लागली होती. हे नाव तिच्या बापानं ठेवलं होतं. सासूबाईंना ते मुळीच आवडत नसे, पण पहाटे कधी कधी त्याही झोपेत पुटपुटायच्या, वाजला गं भोंगा. ही पोर जन्मल्यापासून सलग झोपलीच नव्हती. खांद्यावर घेतलं की झोपायची, खाली ठेवलं की डोळे टक्क उघडायचे. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि काही मुलं अशीच असतात असं सांगितलं.

रडली की काळजी आणि रडली नाही तर जास्त काळजी. एखाद्या रात्री ती चुकून गप्प झोपलीच, तर ड्रायव्हरबाई अंधारात तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची. श्वास लागला बोटाला, की पुढची काळजी. मघाशी तोंडात घातलेलं ते बटण तिनं थुंकलं की गिळलं? टाळू अजून मऊ कशी? शेजारची तिच्याच वयाची पोर बाबा म्हणते, ही नुसती ओरडते, मग हिला ऐकू येतं ना नीट? एक काळजी मिटते न मिटते तोच दुसरी हजर.

रात्री उठायचं तिनंच, हे कधी ठरलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. नवरा छापखान्यात कागद कापायचं मशीन चालवायचा. त्या मशीनचं पातं एका दाबात जाडजूड गठ्ठा कापतं. झोपेत हात पुढे गेला तर बोटं जातील, म्हणून तो बाहेरच्या खोलीत दार लावून झोपायचा. सासूबाई दिवसभर पोरीला सांभाळायच्या, त्यांचे गुडघे दुखायचे, त्यांना रात्री उठवणं तिलाच बरं वाटत नसे. शिवाय त्या म्हणायच्या, आम्ही नाही का वाढवली मुलं, कधी कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. हे त्या टोमणा म्हणून म्हणत नसत. पण तो बसायचा तिथे बसायचाच.

त्या रात्रीही पोर रडली आणि आई तिला खांद्यावर घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे शाळेसमोरचा तो रस्ता सारखा येत होता, आणि तो रिकामा नव्हता. उजाडेपर्यंत तिचं ठरलं होतं.

सकाळी डेपोत कंट्रोलर खिडकीमागे बसून गाड्यांच्या चाव्या वाटत होता. रोज हात पुढे करून चावी घ्यायची, एवढंच काम. तिनं हात पुढे केला नाही. म्हणाली, साहेब, आज मी गाडी काढणार नाही. त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, रात्री पोर रडली, झोप झाली नाही.

कंट्रोलर वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला आणि समजावलं, की असं कारण चालत नाही, ताप आहे म्हण, पोट बिघडलंय म्हण, मी सुट्टी लावतो. ती म्हणाली, ताप नाही. मागे रांग वाढत होती. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, मग आम्ही पण झोपायला जाऊ का घरी, आणि तीन-चार जण हसले. तेव्हा ती मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की काल मी पूल झोपेत ओलांडला आहे, गाडीत माणसं होती, आणि हसायचं असेल त्यानं ते ऐकून हसावं.

मामा रांगेच्या टोकाला होता. त्यानं कपाळाला हात लावला.

तिला वर मॅनेजरबाईंकडे पाठवलं. त्यांची खोली लहान होती, टेबलावर एक कागद वेडावाकडा नसायचा. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, दार लावून घेतलं.

"या डेपोत तुमच्याआधी एकही बाई स्टिअरिंगवर नव्हती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घ्यायला मी किती जणांशी भांडलेय ते तुम्हाला माहीत नाही. आणि आज तुम्ही खाली सगळ्यांसमोर सांगता, मूल रडतं म्हणून गाडी काढत नाही. आता ते काय म्हणतील, कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

"मग ताप लिहा. माझ्यासाठी नको, पुढे येणाऱ्या मुलींसाठी लिहा."

हा घाव तिला अपेक्षित नव्हता. कंट्रोलरशी, त्या हसणाऱ्यांशी भांडायला ती सकाळपासून तयार होती. पण या बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यांचा तिच्यावर उपकारही होता. पाण्याचा पेला तिनं तसाच खाली ठेवला.

"मी बाई म्हणून सांगत नाहीय," ती म्हणाली. "गाडी चालवणारी म्हणून सांगतेय. खाली ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांतले काही रात्री झोपतात, कारण दुसरं कुणीतरी जागतं. जे झोपत नाहीत ते ताप लिहितात, नाहीतर तसेच गाडी काढतात. पुढे येणाऱ्या मुलींनी काय करायचं? तसंच?"

मॅनेजरबाईंनी एवढंच सांगितलं, की कारण बदलायचं नसेल तर पुढचा आदेश निघेपर्यंत तुम्हाला गाडी मिळणार नाही. गाड्या धुण्याच्या जागेवर माणूस कमी आहे, तिथे काम करा. ती बरं म्हणाली आणि खाली आली.

त्या संध्याकाळी घरी तिच्याआधी बातमी पोचली होती. सासूबाईंना खालच्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं होतं, तुमच्या सुनेला गाडीवरून काढलं म्हणे. नवरा मान खाली घालून बसला होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की गुपचूप दोन दिवस सुट्टी घेतली असती तर चाललं असतं, गावभर डांगोरा कशाला. तिनं पोरीला सासूबाईंकडून घेतलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"आजपासून अर्धी रात्र तुझी," ती म्हणाली.

तो म्हणाला, माझ्या मशीनला पातं आहे.

"तुझ्या पात्याखाली तुझी बोटं असतात. माझ्या चाकापुढे लोकांची पोरं असतात. आजवर तुझ्या बोटांसाठी मी जागले. आता तूही मालकांना सांग, झोप झाली नाही, आज पातं नको."

नवरा पोरीकडे पाहत राहिला. पोर त्याच्या शर्टाची गुंडी ओढत होती. ती सोडवत तो म्हणाला, मालक हसतील. ती म्हणाली, हसू देत, माझ्यावर सकाळीच हसून झालंय.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले आणि ती गाड्या धुऊ लागली. लांब दांड्याचा ब्रश, साबणाचं पाणी, वरून नळीचा फवारा. तिचीच गाडी दुसरा ड्रायव्हर घेऊन आला तेव्हा तिनं ती जरा जास्तच घासली. येणारे-जाणारे हाका मारायचे, काय ड्रायव्हरबाई, झाली का झोप. ती ब्रश न थांबवता म्हणायची, नाही झाली. मामा चहा घेऊन यायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, माझं ऐकलं असतंस तर. पण चहा रोज आणायचा.

मग एका दुपारी तिच्या बादलीवर कुणीतरी उशी ठेवली. फुलाफुलांची, जुनी, कोपऱ्यातून कापूस डोकावणारी उशी. आजूबाजूला कुणी नव्हतं, पण उभ्या गाड्यांच्या आडून हसण्याचा आवाज येत होता. ती उशी हातात घेऊन उभी राहिली. एकदा वाटलं, भिरकावून द्यावी. मग तिनं ती झटकली, नुकत्याच धुतलेल्या गाडीत चढली, शेवटच्या लांब सीटवर उशी टाकली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत ताणून दिली. अशी गाढ झोप तिला पोर झाल्यापासून लागली नव्हती. मामानं खिडकीवर टकटक केली तेव्हा तिच्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता. ती तशीच, वळासकट, ब्रश घेऊन उतरली.

ती रोज झोपू लागली. हसणारे चार-पाच दिवसांत कंटाळले. आणि एके दिवशी तिच्या जुन्या मार्गावरचा एक ड्रायव्हर, भल्या मोठ्या मिशांचा, डेपोत कुणाशी धड न बोलणारा, गाडीच्या पायरीशी येऊन घुटमळला. त्याला काय हवंय ते तिला कळेना. तो इकडेतिकडे पाहत म्हणाला, उशी रिकामी झाली असेल तर थोडा वेळ मिळेल का. घरी जुळी होती. एक झोपलं की दुसरं उठतं, बायको एकाला घेते, तो दुसऱ्याला. हे तो आजवर कुणाला बोलला नव्हता. तिनं उशी उलटी करून, कोरडी बाजू वर करून त्याला दिली.

इकडे घरी वेगळंच युद्ध चाललं होतं. नवऱ्यानं मालकांना खरोखर सांगितलं. मालकांनी त्याला काही दिवस पुस्तकं बांधायच्या टेबलावर बसवलं आणि विचारलं, बाळंतपण नक्की कुणाचं झालंय. यानं उत्तर दिलं, माझंच. हे घरी सांगताना तो लाजत होता, पण सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला.

पोरीला मात्र बाप मान्य नव्हता. पहिल्या रात्री त्यानं तिला घेतलं आणि तिनं असा काही आकांत मांडला, की वरच्या मजल्यावर दिवा लागला. ड्रायव्हरबाई बाहेरच्या खोलीत, नवऱ्याच्या जागेवर आडवी होती. मधलं दार बंद होतं. पाय आपोआप जमिनीला लागत होते आणि ती ते उचलून पुन्हा अंथरुणात घेत होती. आत नवरा काहीबाही पुटपुटत होता, मध्येच त्यानं कागदाच्या आकारांची नावं म्हणायला सुरुवात केली, दुसरं काही सुचेना म्हणून. सासूबाई उठून दाराशी आल्या. त्यांचा हात कडीवर होता.

"आई, उघडू नका," ती म्हणाली.

"लेकरू तुला हाक मारतंय गं."

"तिचा बाप आहे आत."

सासूबाईंनी हात मागे घेतला. त्या परत गेल्या नाहीत. तिच्या अंथरुणाच्या कडेला, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. आतला आवाज चढत होता, उतरत होता. मग त्या हळूच बोलू लागल्या. त्यांचा मुलगा, आत्ता आत कागदाचे आकार म्हणणारा, दोन वर्षांचा होईपर्यंत झोपला नव्हता. त्या त्याला घेऊन मोरीत जाऊन बसायच्या, घरातल्या कुणाची झोप मोडू नये म्हणून. सकाळी बायका विचारायच्या, तेव्हा त्या सांगायच्या, शहाणा आहे हो माझा, रात्रभर गपगार झोपतो. सगळ्याच तसं सांगायच्या. त्यांना वाटायचं, सगळ्यांची झोपतात, एक आपलंच नाही. आपल्यालाच आईपण जमत नाही.

"तू सांगितलंस त्याचा मला राग आला," सासूबाई म्हणाल्या. "मी नव्हतं ना सांगितलं."

ड्रायव्हरबाईनं त्यांचा हात धरला. पोर त्या रात्री पहाटेच थांबली. दुसऱ्या रात्री त्याच्या थोडी आधी. असं होता होता एके रात्री आत एकदम सामसूम झालं, आणि मग ड्रायव्हरबाईला झोप येईना. एवढी शांतता कशी? ती उठून आत गेली. नवरा भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता, पोर त्याच्या छातीवर पालथी. तिनं पोरीच्या नाकापुढे बोट धरलं. मग, कोण जाणे का, नवऱ्याच्याही नाकापुढे धरलं. दोघांचे श्वास चालू होते. ती परत जाऊन झोपली.

डेपोत पुढे काय झालं म्हणाल, तर फार काही गाजावाजा झाला नाही. मॅनेजरबाई एकदा दुपारी आवारात फेरी मारायला आल्या. उभ्या गाड्यांमध्ये त्यांना तिघे जण झोपलेले दिसले, त्यांत तो मिशीवाला. त्या कुणालाही न उठवता निघून गेल्या. त्यानंतर जुन्या टायरांची एक खोली रिकामी झाली, तिला पांढरा रंग दिला गेला आणि तिथे खाटा आल्या. कंट्रोलरला सांगण्यात आलं, की चावी देताना झोप झाली का ते विचारायचं, आणि नाही म्हणेल त्याला कारण विचारायचं नाही. आठवड्याभरात मॅनेजरबाईंनी ड्रायव्हरबाईला वर बोलावलं आणि उद्यापासून तुमची गाडी घ्या म्हणून सांगितलं. ती जायला निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, मला अजूनही तुमचं पटलेलं नाही. मी म्हटलं तेच लोक म्हणतायत. बाई घेतली की हे असं होतं.

"म्हणू देत, मॅडम," ती म्हणाली. "खाटांवर झोपतायत तेच."

मॅनेजरबाई खिडकीकडे वळल्या. त्या हसल्या की काय, ते तिला दिसलं नाही.

सकाळी कंट्रोलरनं विचारलं, तेव्हा तिनं जरा थांबून मनात हिशेब केला. पोर एकदाच उठली होती आणि तेही नवऱ्याच्या वाटणीत. दाताचा ताप होता थोडा, तो सासूबाईंनी पाहिला होता. झाली, ती म्हणाली, आणि चावी घेतली.

बाजाराच्या थांब्यावर गर्दी होती. दार उघडलं तशी एक म्हातारी बाई पायरीवर चढता चढता थबकली. दांडा धरून तिनं ड्रायव्हरबाईकडे निरखून पाहिलं.

"झोप नाही म्हणून गाडी काढत नाही म्हणालीस, ती तूच का गं?"

मागचे लोक ऐकत होते. मामानं तिकिटांची पिशवी उगाच चाचपली.

"मीच," ड्रायव्हरबाई म्हणाली. "आज झालीय. चढा, आजी, पायरीकडे बघून."

म्हातारी चढली, पण मागे गेली नाही. ड्रायव्हरबाईच्या मागच्याच सीटवर बसली आणि गाडी हलताच बोलू लागली. तिचा मुलगा पन्नाशीचा झाला होता. दूर बोटीवर कामाला होता. बोट बंदराला लागली की फोन करायचा, या वेळी केला नव्हता. सून म्हणते, आई, करतील, झोपा तुम्ही. झोपा म्हणायला काय जातं.

बसमध्ये पाटी होती, ड्रायव्हरशी बोलू नये अशी. ड्रायव्हरबाईनं आरसा थोडा वळवून म्हातारीचा चेहरा त्यात घेतला, मान एकदा हलवली आणि रस्त्याकडे बघत गिअर टाकला.